मनातली तीन आवर्तनं

परीक्षकाच्या खुर्चीत मी बरीच वर्षं बसले, पण स्वस्थ अशी एकदाही बसले नाही. मुळात मला बसणंच जमत नाही. दूध तापेपर्यंत मी ओट्यापासून बाल्कनीपर्यंत चार खेपा घालते, लिफ्टचं बटण तीन तीनदा दाबते आणि समोरचा माणूस सावकाश बोलायला लागला की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते. लहानपणी जेवताना पाय हलला की आई पाठीत धपाटा घालायची. मुलीच्या जातीने पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते म्हणे. आपल्याकडे ती आली कधी होती, असं मी एकदा विचारलं आणि दुसरा धपाटा खाल्ला. नवऱ्याने धपाटे घातले नाहीत, पण तो माझ्या पायाला शिवणयंत्र म्हणतो आणि सिनेमा बघताना एक खुर्ची सोडून बसतो.

अशा बाईने आयुष्यभर लोकांना लय शिकवली, यात ज्याला गंमत वाटेल त्याने खुशाल हसावं. मी तबला शिकवते. घणसोलीत आमच्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून. लय म्हणजे काय, हे पालक पहिल्याच दिवशी विचारतात आणि मी पहिल्याच दिवशी सांगते, दोन मात्रांमधलं अंतर शेवटपर्यंत सारखं ठेवायचं. बस्स. ते अंतर कमी व्हायला लागलं की आम्ही म्हणतो, लय पळाली. वाढायला लागलं की म्हणतो, ओढली. सगळ्यांची कधी ना कधी पळते किंवा ओढते. माझी मात्र घट्ट आहे, असं माझे गुरू म्हणायचे. त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं काढली.

परीक्षा घ्यायला लागले तेव्हा मला एक गोष्ट फार खुपायची. मुलं पाठ करून येतात. कायदे, तुकडे, सगळं तोंडपाठ, हात चालतो मशीनसारखा, पण लेहरा थांबवला की बिचारी बुडाली. पेटीवर तालाचं एकच आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवतात, त्याला लेहरा म्हणतात. वाजवणारा त्याच्या आधाराने चालतो. आधार काढून घेतल्याशिवाय त्याची स्वतःची लय कळणार कशी? म्हणून मी माझी स्वतःची एक चाचणी काढली. विद्यार्थ्याने माझ्याबरोबर हातावर तीनताल धरायचा. दोन आवर्तनं मोठ्याने बोलायची. मग मी म्हणणार, "मनात." दोघांनीही गप्प व्हायचं, हात मांडीवर, आणि तीन आवर्तनं नुसती मनात मोजायची. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस मात्रा. त्या संपल्या की सम, म्हणजे पहिली मात्रा. तिथे त्याने टाळी द्यायची. माझ्या मनातल्या समेवर त्याची टाळी पडली तर लय पक्की. आधी पडली तर पळतो, नंतर पडली तर ओढतो. यात लपवाछपवीला जागाच नव्हती. निदान मला तसं वाटायचं. ही चाचणी नवी मुंबईतल्या शिकवणाऱ्यांमध्ये माझ्या नावाने ओळखली जायची आणि मुलं तिला टरकायची, हे मला मनातून आवडायचं. वीस गुणांची होती. त्यात आठ मिळाले नाहीत तर बाकी कितीही वाजवा, नापास.

त्या दिवशीचं केंद्र तळवलीजवळच्या एका शाळेत होतं. दिवाळीनंतरचा रविवार. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात बाकं मागे ढकललेली, फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेले अपूर्णांक, आणि बाहेर नव्या टॉवरच्या पायाचं मशीन धाड धाड करत होतं. त्यात त्या मशीनला सुद्धा लय नव्हती. धाड, धाड, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा धाड. मी दोनदा शिपायाला खाली पाठवलं. तो दोन्ही वेळा चहा घेऊन वर आला.

बसायची व्यवस्था नेहमीचीच होती. मी आणि माझं टेबल फळ्याजवळ. टेबलावर हिरवं कापड, गुणपत्रक, पाण्याची बाटली. समोर खाली गादी, त्यावर विद्यार्थी आणि तबला. बाजूला, तेही खालीच, पेटीवाले काका. हे काका तळवली गावातले. त्यांच्या गावच्या भजनात त्यांची पेटी असते आणि परीक्षेच्या दिवशी आमच्याकडे. सकाळी नऊला बसले की दुपारपर्यंत मांडी मोडत नाहीत, उगाच एक शब्द बोलत नाहीत. मला त्यांच्या त्या बसण्याचा राग यायचा.

चौदा विद्यार्थी होते. पहिली तीन मुलं झाली आणि मी मनात म्हटलं, यंदा तयारी चांगली दिसतेय. वादनात कुणी अडखळलं, कुणाचा डग्गा ढब्ब वाजला, पण माझ्या चाचणीत सगळे समेवर. चौथा समेवर. सातवी समेवर. टाळी अशी पडायची, की तीन आवर्तनं आम्ही दोघं एकाच श्वासावर चाललो होतो असं वाटावं. मला तर भरून आलं. इतक्या वर्षांच्या कडकपणाचं फळ मिळालं, असंसुद्धा मनात येऊन गेलं. हे आज लिहिताना माझे कान गरम होतात.

चौदावी ती होती. पंचविशीची असेल. केस घट्ट बांधलेले, ओढणी कमरेला खोचलेली, आणि ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढायची राहिलेली. गादीवर बसण्याआधी ती म्हणाली, "म्याडम, मी भितीकडं तोंड करून बसू का?"

"का? आम्ही काय भुतं आहोत?"

"तसं नाय म्याडम. आमचं गुरुजी तसंच बसवायचं. सवय हाय."

आमच्यात परीक्षकाला पाठ दाखवत नाहीत. मोठ्या माणसासमोर वाजवायला बसताना तबल्याला हात लावून नमस्कार करायचा, समोर बघायचं, ही साधी रीत. ही बया सरळ पाठ करून बसायचं म्हणते. माझ्या नाकावर राग असतोच. "इथं तुमच्या गुरुजींची शिकवणी नाहीये," मी म्हटलं. "समोर बसा."

ती समोर बसली. वाजवलं छान. खरंच छान, दाण्याला दाणा लागत नव्हता, एक बोल दुसऱ्यात मिसळत नव्हता. मग माझी चाचणी. दोन आवर्तनं आम्ही बरोबर म्हटली. मी म्हटलं, "मनात." तिने डोळे मिटून घेतले.

मी माझ्या समेवर आले. शांतता. धा, धिं, दोन मात्रा होऊन गेल्या आणि तिसऱ्याच्या तोंडावर तिची टाळी पडली. मी उदार मनाने आणखी एक संधी दिली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा दोन मात्रा उशीर. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे अशा खात्रीने पाहिलं, की मला त्या खात्रीचाही राग आला. मी लिहिलं, लय ओढते. वीसपैकी तीन.

उठताना तिने विचारलं, "म्याडम, नापास का?"

"निकाल केंद्रावर कळेल."

"नाय, म्हंजे उद्या माझी मुलाखत हाय. शाळेत गाण्याच्या टीचरची जागा निघालीया, टेंपररी. पास झाल्याचं पत्र आणलं तरच आत घेणार म्हणलेत. आज पत्र भेटंल का, एवढंच विचारायचं हुतं."

प्रत्येक विद्यार्थ्याचा असा एक सोमवार असतो. कुणाची मुलाखत, कुणाचं लग्न, कुणाचा व्हिसा. मी म्हटलं, "पाचनंतर ऑफिसात विचारा." ती गेली. अर्जावर पाहिलं तर नोकरी द्रोणागिरीतल्या कुठल्याशा गोदामात, पत्ता घणसोली गाव, वडील मार्केटात माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडचं. मी अर्ज पालथा ठेवला.

शिपायाने पोहे आणले. मी उभ्याउभ्याच खात होते. काका त्यांच्या जागेवर, मांडीवर बशी घेऊन. अर्धे पोहे संपल्यावर ते म्हणाले, "बाई, रागवनार नसाल तं येक बोलू?"

"बोला ना."

"आज तेरा पोरां समेवर आली ना, ती तुमचे अंगठ्यानं आली."

मला कळलंच नाही. त्यांनी चमच्याने टेबलाखाली दाखवलं. "तुमी मनात मोजता. पन पायाचा अंगठा मोठ्यानं मोजतो. आमाला खालून सगला दिसतं. पोरां तुमचे तोंडाकडं नाय बगत, अंगठ्याकडं बगतान. ती शेवटची पोर तेवडी डोले मिटून बसली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि इतकी वर्षं तुम्ही गप्प बसलात?"

"तुमी इचारलाव कवा?" असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला.

मी बशी आदळली आणि त्यांना म्हटलं, जा, माझ्या खुर्चीत बसा. ते बसले. मी गादीवर बसले, विद्यार्थ्याच्या जागेवर. टेबलावरचं हिरवं कापड वीतभर खाली येत होतं आणि संपत होतं. त्याच्याखाली, अगदी माझ्या नजरेसमोर, काकांची भेगाळलेली टाच आणि चप्पल. काकांचा चेहरा बघायला मला मान वर करावी लागत होती. पाय बघायला काहीच करावं लागत नव्हतं. इतकी वर्षं मी वर ताठ बसून मुलांच्या डोळ्यांत लय शोधत होते आणि मुलं खाली माझ्या चपलेत ती वाचत होती. स्वतःच्या आत किती एकाग्रतेने बघताहेत, असं मला वाटायचं.

तरीही मी भांडले. काकांशी नाही, मनातल्या मनात. ठीक आहे, तेरा जणांनी फसवलं. पण चौदावी चुकलीच की. तिने पाय पाहिला नाही, मान्य. म्हणजे ती प्रामाणिक आहे. पण प्रामाणिकपणे ओढते. दोन मात्रा म्हणजे काही थोडाथोडका फरक नव्हे. गुण बरोबरच आहेत. एवढं म्हणून मी थांबायला हवं होतं. पण मला थांबता येत नाही, हाच तर माझा आजार.

हल्ली मोबाइलवर लेहरा वाजवणारं अ‍ॅप असतं. मी ते मुलांना रियाजासाठी वापरायला सांगते आणि स्वतः कधी वापरत नाही. मला त्याची गरज काय? मी शेजारच्या रिकाम्या वर्गात गेले, दार लावलं, तीच लय लावली आणि दोन आवर्तनांनंतर आवाज पूर्ण बंद केला. भिंतीला टेकून, दोन्ही पाय जमिनीवर दाबून धरून मनात मोजलं. अठ्ठेचाळीस मात्रा. समेवर आवाज मोठा केला. लेहरा अजून पंधराव्या मात्रेवर होता.

बटण घाईत आधीच दाबलं असेल. पुन्हा. अडीच मात्रा आधी. तिसऱ्यांदा मी मुद्दाम जड केलं, प्रत्येक मात्रेला मागे धरलं, घामाघूम झाले. आवाज वाढवला. दोन मात्रा. बरोब्बर दोन.

तिने लय ओढली नव्हती. मी पळत होते. दोन मात्रांचा फरक दोन मात्रांचाच होता, फक्त तो माझ्याकडचा होता. कधीपासून पळत होते, देव जाणे. आणि माझ्यामागे ती सगळी मुलं पळत होती. पळता पळता समेवर येत होती आणि मी त्यांना वीसपैकी अठरा देत होते. मी त्या वर्गातल्या लहान मुलांच्या बाकावर बसले. रडू आलं नाही. लाज वाटली. निव्वळ लाज, भर रस्त्यात परकर सुटल्यासारखी.

अर्जावरच्या नंबरवर फोन लावला. ती बसस्टॉपवर होती, दुपारपाळीला निघालेली. म्हटलं, परत या, एक भाग पुन्हा घ्यायचाय. ती म्हणाली, "म्याडम, शिफ्ट हाय." मी म्हटलं, "शिफ्ट बुडू दे." मग लक्षात आलं की बुडणारी शिफ्ट माझी नाही, आणि जरा हळू आवाजात म्हटलं, "याल का?"

ती वीस मिनिटांत आली. त्या वीस मिनिटांत मी जिना किती वेळा उतरले-चढले, ते शिपायाला विचारा. आल्यावर मी तिला म्हटलं, "बसा भिंतीकडे तोंड करून." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, गादी ओढली आणि पाठ करून बसली. मोबाइल काकांच्या हातात दिला. लेहरा दोन आवर्तनं, मग आवाज बंद. मी दाराशी उभी राहिले, पाय घट्ट जुळवून, मनात एकही मात्रा न मोजता. बाहेरचं मशीन मध्येच धाड धाड करून गेलं. तिची पाठ हलली नाही. टाळी पडली, त्याच क्षणी काकांनी आवाज सोडला, आणि पेटीची सम तिच्या टाळीला येऊन लागली. आम्ही तीनदा घेतलं. तीनही वेळा तसंच.

मला आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटला. पंचवीस वर्षांची पोर गोदामात दिवसभर खोकी स्कॅन करते आणि हिच्यात एवढा ठहराव. मी विचारलं, "गुरुजी भिंतीकडे का बसवायचे?" ती म्हणाली, "ते म्हणायचं, दुसऱ्याचं तोंड बघून लय धरली, तर ती त्याची. भितीला लय नसती, मग आपलीच धरावी लागती."

आता फक्त गुण बदलायचे होते. गुणपत्रक शाईने लिहिलेलं असतं. खोडायचं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात कारण आणि सही. कागद घेऊन मी केंद्रप्रमुखांकडे गेले. ती माझ्यामागोमाग पत्रासाठी आली आणि दाराजवळ उभी राहिली. केंद्रप्रमुख म्हणजे त्या शाळेचे मुख्याध्यापक. शांत, वजनदार माणूस, एकेक शब्द मोजून बोलणारा. मी त्यांना सगळं भराभर सांगितलं. अंगठा, अ‍ॅप, दोन मात्रा.

ते म्हणाले, "मॅडम, हिचे गुण वाढवा ना. लिहा, बेरीज चुकली. सगळे परीक्षक तेच लिहितात."

"पण बेरीज चुकलेली नाही. मी चुकलेय."

"ते आपल्याला माहिती आहे. कागदावर कशाला?"

"कारण बाकीचे तेरा माझा पाय बघून पास झालेत! त्यांचीही परीक्षा पुन्हा व्हायला पाहिजे. मी खरं तेच लिहिणार."

त्यांनी चष्मा काढला. "लिहा. मग हे पत्रक वर जाईल. केंद्राचा निकाल राखून ठेवतील. नवे परीक्षक येतील. महिना, दोन महिने. चौदाही जणांना थांबावं लागेल."

"थांबू देत," मी म्हटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला मोठं हलकं वाटत होतं. चूक कळली होती, ती आता एकदाची कागदावर टाकून मोकळं व्हायचं होतं. कधी एकदा लिहिते असं झालं होतं. मी पेन उघडलं आणि लिहायला सुरुवात केली. परीक्षकाची लय पळाली, असं लिहायचं होतं. पहिला प लिहून झाला.

"म्याडम," दारातून ती म्हणाली.

मी मान वर केली.

"चौदाही म्हंजे मी पन?"

ती दारातून दोन पावलं आत आली.

"तुमाला आज बरं वाटावं, म्हनून माझा सोमवार नका घालवू."

आवाज चढवून नाही, रडून नाही. जसं आहे तसं म्हणाली. तोवर तिच्या त्या सोमवारचा विचार मी सकाळपासून एकदाही केला नव्हता. आधी तो मला कटकट वाटला होता आणि नंतर माझ्या खरेपणाच्या घाईत मी तो विसरून गेले होते. नापास करताना मी तिला वेळ दिला नाही आणि पश्चात्ताप करतानाही दिला नाही. दोन्ही वेळा मीच पुढे पळत होते.

पेन प वर टेकलेलं होतं. तो खोडता येत नव्हता. एकाच नोंदीत दोनदा खाडाखोड झाली की पत्रक तपासणीला जातं. मला वाटतं, आयुष्यात त्याच एका वेळी मी इतकी स्थिर बसले असेन. मग त्या प ला पुढे ड जोडला. पडताळणीत बेरीज चुकल्याचे आढळले. खाली सही केली. तीनच्या शेजारी अठरा लिहिले. मुख्याध्यापकांनी शिक्का मारला आणि तिला पत्र दिलं. ती पत्राची घडी न घालता, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवून निघाली. मला वाकून नमस्कार करायला लागली, तर मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "जा, उशीर होईल."

सोमवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला. म्याडम, घेतलं. एवढाच. मी उत्तरात काय लिहावं या विचारात पाच वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

आता मी रोज सकाळी अ‍ॅप लावून भिंतीकडे तोंड करून बसते. सोसायटीतली एक बाई मुलाला शिकवणीला सोडायला आली होती. तिने माझ्या नवऱ्याला विचारलं म्हणे, मॅडमना कुणी शिक्षा केली का. कधी एक मात्रा पुढे असते, कधी पाऊण. चिडते, उठते, पुन्हा बसते. विद्यार्थ्यांना मी सांगून टाकलं, की माझी लय पळते, माझ्याकडे बघू नका. त्यांना वाटलं, मॅडम विनय दाखवताहेत. ते आणखी लक्ष देऊन बघायला लागले.

त्या तेरांपैकी एक जण गणपतीत आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात साथीला होता. गाणारी मुलगी सारखी मान वळवून त्याच्याकडे बघत होती, हाताने जरा दमाने, दमाने म्हणून खुणावत होती, आणि तो हसून आणखी पुढे जात होता. बाजूला बसलेल्या बाई म्हणाल्या, काय तडफ आहे ना पोराच्या हातात. मी तिसऱ्या गाण्याला उठले आणि पार्किंगमध्ये जाऊन फेऱ्या मारत राहिले. त्याला जाऊन सांगावं, असं दहादा वाटलं. काय सांगणार होते? तुझे अठरा गुण खोटे आहेत? मग त्याने विचारलं असतं, आणि त्या चौदावीचे?

पुढच्या वर्षी परीक्षेच्या कार्यालयातून फोन आला. परीक्षक म्हणून पुन्हा यायचं. मी गुडघ्यांचं कारण काढलं. गुडघे ठणठणीत आहेत. पण दुसरं काही सांगितलं असतं, तर तिच्या त्या पत्राकडे बोट गेलं असतं आणि आता तर ती त्या शाळेत रोज पन्नास मुलांना शिकवते. फोनवरचा माणूस काही केल्या सोडेना. म्हणाला, "मॅडम, असं नका करू. तुमच्यासारखे प्रामाणिक परीक्षक राहिलेत कुठं? स्वतःहून पडताळणी करून स्वतःची चूक सहीनिशी कबूल करायची, हे कोण करतं हो आजकाल? नव्या परीक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये आम्ही तुमचं ते पत्रक दाखवतो."

त्याचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "थँक यू."